सैन्याचा वजनकाटा आणि घरचे स्वयंपाकघर

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चुलबंद आणि वैनगंगा या नद्यांच्या परिसरात लाखांदूर हा धानाचा तालुका वसलेला आहे. एका अंगाला गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव, तर वैनगंगेपलीकडे गडचिरोलीतील देसाईगंज-वडसा आणि चंद्रपुरातील ब्रह्मपुरी. शेती, धानाचा व्यापार आणि किराणा-कापडाची दुकाने यांवर येथील जीवन चालते. अशा भागात गणवेशाच्या नोकरीचे आकर्षण मोठे असणे स्वाभाविक आहे. पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावरून धावणारी मुले येथे नवलाची नाहीत. त्यांत शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील मुलांचा भरणा अधिक. परंतु आता व्यापारी घरांतील एखादा मुलगा, क्वचित एखादी मुलगीही, सैन्यात जाण्याचा विचार बोलून दाखवू लागली आहे.

जैन व्यापारी कुटुंबात असा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला अहिंसेचा आणि दुसरा जेवणाचा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांचा विचार पुढे केला आहे. मात्र प्रत्यक्षात उमेदवाराला परत पाठवण्यास पुष्कळदा एक तिसरीच गोष्ट कारणीभूत ठरते, आणि तिच्याविषयी घरात कोणी ब्रसुद्धा काढत नाही. ती गोष्ट म्हणजे शरीराचे वजन.

आकडा कोठे लिहिलेला असतो

भंडारा जिल्हा नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयाच्या कक्षेत येतो. अग्निवीर भरतीच्या अधिसूचनेत महाराष्ट्रातील सर्वसाधारण पदाच्या उमेदवारासाठी १६८ सेंटिमीटर उंची, ७७ सेंटिमीटर छाती आणि ती ५ सेंटिमीटर फुगवता येणे, असे स्पष्ट आकडे दिलेले असतात. वजनाच्या रकान्यात मात्र ‘उंची व वयाच्या प्रमाणात’ एवढेच म्हटलेले असते. मुलगा उंची मोजतो, छाती मोजतो, धावण्याची वेळ घड्याळावर पाहतो आणि वजनाचा रकाना वाचून पुढे जातो. आपले वजन ‘प्रमाणात’ आहे, असे प्रत्येकालाच वाटत असते.

हे प्रमाण गुप्त नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेसाठी संघ लोकसेवा आयोग जी अधिसूचना काढतो, तिच्या वैद्यकीय परिशिष्टात उंची आणि वजनाचा तक्ता छापलेला असतो. त्यात प्रत्येक उंचीसाठी एक किमान वजन आणि वयोगटानुसार वेगवेगळी कमाल वजने दिलेली आहेत. १६८ सेंटिमीटर उंचीच्या उमेदवाराचे वजन किमान ५०.८ किलो हवे. १७ ते २० या वयात ते ६२.१ किलोपेक्षा अधिक चालत नाही, तर २० ते ३० या वयात मर्यादा ६४.९ किलो आहे. १७० सेंटिमीटरला हेच आकडे अनुक्रमे ५२, ६३.६ आणि ६६.५ असे होतात. १५५ सेंटिमीटर उंचीच्या १८ वर्षांच्या मुलीसाठी ४३.२ ते ५२.९ किलो ही कक्षा आहे. मुलींसाठी ही माहिती आता केवळ कुतूहलाची राहिलेली नाही. प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये ती उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

किमान वजनाच्या बाबतीत नियम कठोर आहे. त्याखालचे वजन कोणत्याही परिस्थितीत ग्राह्य धरले जात नाही. कमाल मर्यादेला अपवाद आहे, तो राष्ट्रीय पातळीवरील कुस्ती, मुष्टियुद्ध किंवा शरीरसौष्ठव यांचा लेखी पुरावा असलेल्यांना. तेथेही कमरेचा घेर आणि रक्ताच्या तपासण्या मर्यादेत असाव्या लागतात. दुकानात बसून आलेल्या वजनाला अर्थातच हा अपवाद लागू पडत नाही.

दोन मुले, दोन टोके

लाखांदूरसारख्या गावातील दोन तरुण डोळ्यांसमोर आणावेत. दोघेही १९ वर्षांचे, दोघांचीही उंची १६८ सेंटिमीटर. पहिला शेतमजुराच्या घरचा. धान रोवणी, कापणी आणि सायकल यांमुळे अंगात काटकपणा आहे, पण जेवणात भाताचा डोंगर आणि वरणाची धार. त्याचे वजन ४७ किलो. दुसरा बाजारातील दुकानदाराच्या घरचा. महाविद्यालय सुटले की गादीवर बसणारा, हिशेबात चोख. त्याचे वजन ७० किलो. या दुसऱ्या मुलाला गावात कोणीही लठ्ठ म्हणणार नाही. उलट, ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून त्याचे कौतुकच होईल.

सैन्याच्या तक्त्याप्रमाणे मात्र दोघेही अपात्र आहेत. पहिल्याला ३.८ किलो कमी पडतात, दुसऱ्याचे ७.९ किलो जास्त होतात. पहिल्याची अडचण उत्पन्नाशी निगडित आहे, दुसऱ्याची सवयीशी. व्यापारी घरातील मुलगा बहुधा दुसऱ्या गटात मोडतो, पण सर्वच नाही. खाण्याबाबत चोखंदळ, दूध न पिणारी, कडधान्य बाजूला सारणारी बारीक मुले-मुली आपल्याही घरांत असतात, आणि त्यांच्यासाठी खालची मर्यादा तितकीच धोक्याची ठरते.

वजन जास्त असल्याचा परिणाम केवळ वैद्यकीय तपासणीपुरता नसतो. मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत धावल्यास पूर्ण ६० गुण मिळतात आणि आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी वर नेण्याच्या १० ओढींना ४० गुण असतात. शरीरावरील जादा आठ किलो धावताना प्रत्येक पावलाला वाहावे लागतात आणि दांड्यावर दहा वेळा वर उचलावे लागतात. म्हणजे वजनाचा काटा येण्याआधीच मैदानावर गुण कमी झालेले असतात.

मर्यादा इतकी कडक का

सतरा ते वीस वयाच्या मुलासाठी तक्त्यातील मर्यादा ज्या सूत्रावर बसवली आहे ते सोपे आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. डॉक्टर ज्याला बीएमआय म्हणतात तो हा आकडा. हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ क्वेटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. तक्त्यात खालची मर्यादा १८, वीस वर्षांपर्यंत वरची मर्यादा २२ आणि तिशीपर्यंत २३ अशी येते. पाश्चात्त्य देशांत २५ पर्यंतचा आकडा सामान्य मानतात. मग भारतीय सैन्याने इतके आखडते प्रमाण का घ्यावे, असा प्रश्न पालकांच्या मनात येतो.

याचे एक उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील माता आणि नवजात बालकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. भारतीय मूल जन्मतः वजनाने कमी असले तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे त्या अभ्यासातून पुढे आले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे आणि आतून दोघांत दुपटीहून अधिक अंतर. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही आशियाई लोकांसाठी २३ हा सावधगिरीचा आकडा सुचवला. सडपातळ दिसणाऱ्या व्यापारी घरांतही चाळिशीत मधुमेह का शिरतो, याचाही उलगडा येथेच होतो. सैन्याचा तक्ता जे सांगतो ते सैन्यात न जाणाऱ्यानेही ऐकण्यासारखे आहे.

भरतीच्या काट्याने एखाद्या समाजाला आरसा दाखवल्याचे जगात अन्यत्रही घडले आहे. बोअर युद्धाच्या वेळी ब्रिटनमधील औद्योगिक शहरांतून भरतीस आलेले तरुण मोठ्या संख्येने शारीरिक दुर्बलतेमुळे नाकारले गेले. सरकारने चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल १९०४ मध्ये आला आणि १९०६ मध्ये शाळेतील मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील अशाच अनुभवानंतर १९४६ मध्ये शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा आला. पुढे त्याच अमेरिकेत २०१० मध्ये निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या एका गटाला नेमका उलटा इशारा द्यावा लागला, की तरुण पिढी लढण्याच्या दृष्टीने फार लठ्ठ झाली आहे. एकाच देशाने सहा-सात दशकांत दोन्ही टोके पाहिली. लाखांदूरच्या बाजारात ती दोन्ही टोके आज एकाच रस्त्यावर दिसतात.

जमाखर्चाचे गणित

व्यापारी घराला हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांकांची शिल्लक. रोजच्या खर्चापेक्षा ५०० उष्मांक कमी जमा केले तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतो. दुकानदाराच्या मुलाचे ७.९ किलो या गतीने उतरण्यास सोळा आठवडे, म्हणजे जवळजवळ चार महिने लागतात. शेतमजुराच्या मुलाला चरबीऐवजी स्नायू वाढवायचे आहेत. ते काम आणखी सावकाश होते. आठवड्याला पाव किलो धरले तरी ३.८ किलोंसाठी पंधरा आठवडे हवेत. दिशा उलट, पण मुदत दोघांचीही चार महिन्यांची.

वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलेल्या अधिकारीपदाच्या उमेदवाराला अपील मंडळापुढे जाण्याची संधी असते आणि ही प्रक्रिया सर्वसाधारणपणे ४२ दिवसांत पूर्ण होते. म्हणजे सहा आठवडे. वरच्या हिशेबाने एवढ्या अवधीत तीन किलो उतरू शकतात, आठ नाहीत. अपिलाच्या भरवशावर बसणे किती जोखमीचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

आता हे ५०० उष्मांक कोठून वाचवायचे? दुकानात येणाऱ्या प्रत्येक परिचिताबरोबर चहा होतो. दिवसाला सहा कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तर साखरच ६० ग्रॅम होते, तिचे उष्मांक २४०. सायंकाळी कागदावर घेतलेली ५० ग्रॅम शेव किंवा फरसाण, त्याचे सुमारे २७०. दोन्ही मिळून ५०० चा आकडा पूर्ण होतो. भाकरी-पोळी कमी करण्याची, जेवण टाळण्याची किंवा बाजारातील महागडी पावडर आणण्याची गरजच उरत नाही. बिनसाखरेचा चहा आणि संध्याकाळच्या पुडीला नकार, एवढे चार महिने पाळले तरी काट्यावर फरक दिसतो. त्याच्या जोडीला पहाटेचे धावणे असले म्हणजे तो फरक मैदानावरही दिसू लागतो.

बारीक मुलासाठी हिशेब प्रथिनांचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ५१ किलोच्या तरुणाला सुमारे ४२ ग्रॅम, आणि रोज व्यायाम करणाऱ्यास त्याहून अधिक. शाकाहारात, कंदमुळे पूर्णपणे वर्ज्य करूनही, हे अवघड नाही. १०० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे २२ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम आणि ५० ग्रॅम फुटाण्यांतून सुमारे ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. वरणाची धार पातळ न ठेवता वाटीभर घट्ट वरण ताटात आले, भाताबरोबर मूग-मटकी-हरभरा आले, की निम्मे काम होते. ज्या घरांत द्विदलाचा नियम पाळला जातो तेथे डाळ आणि कच्चे दही एका वेळी घेता येत नाही. तेथे दुधाची वेळ वेगळी ठेवावी, एवढेच. बारीक मुलांनी दूध टाळणे आणखी एका कारणाने हिताचे नाही. जीवनसत्त्व बी-१२ हे शाकाहारी माणसाला मुख्यतः दूध आणि दुधाच्या पदार्थांतूनच मिळते.

परंपरेतील शिस्त

जैन परंपरेत बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते. दिगंबर परंपरा तिला अवमौदर्य म्हणते. भूक असेल त्यापेक्षा थोडे कमी खाणे, पोटात जागा ठेवून ताटावरून उठणे, हा तिचा अर्थ. उपवास वर्षातील काही दिवसांचा असतो, ऊनोदरी रोज करता येते आणि म्हणूनच ती अवघड. त्यापुढे रसपरित्याग येतो, म्हणजे तूप, तेल, साखर अशा रसांपैकी काहींचा ठरवून केलेला त्याग. आहारतज्ज्ञ ज्या दोन गोष्टी शुल्क घेऊन सांगतो, त्या दोन्ही आजी-आजोबांच्या नित्यनियमात होत्या.

रात्रिभोजनत्यागाची गोष्ट याहून ठळक आहे. दुकान रात्री साडेआठला बंद होते, घरी पोहोचून जेवण साडेनऊला होते आणि दहाला अंथरूण. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांपुरता उरला आणि पुरुषांनी व्यवसायाचे कारण पुढे केले, असे अनेक घरांत घडले आहे. ज्या मुलाला वजन उतरवायचे आहे त्याला दुकानातून सायंकाळी साडेपाचला अर्धा तास मोकळा करणे, हे वडिलांच्या हातात आहे. तो अर्धा तास गल्ल्यावर दुसऱ्याने बसावे.

मात्र येथे एक सावधानता आवश्यक आहे. भरतीची तारीख पंधरा दिवसांवर आली की काही मुले उपवासांचा सपाटा लावतात, पाणी तोडतात, घाम काढण्यासाठी भर उन्हात जाड कपडे घालून धावतात. उलट बाजूची मुले काट्यावर चढण्यापूर्वी केळी खाऊन लिटर-दोन लिटर पाणी पितात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे खरे. पण व्यापाऱ्याच्या भाषेत हा पासंगाचा खेळ आहे. पाणी तोडलेला मुलगा धावताना चक्कर येऊन पडू शकतो, तर पाणी भरलेला मुलगा धावूच शकत नाही. शिवाय उपवासाने पहिल्या आठवड्यात जे उतरते त्यात पाणी आणि स्नायूंचा वाटा मोठा असतो आणि पारणे झाल्यावर ते बहुतेक परत येते. पर्युषणातील अठ्ठाई किंवा दशलक्षणातील उपवास कर्मनिर्जरेसाठी असतात. त्यांना भरतीच्या काट्याशी जोडणे तपाच्याही हिताचे नाही आणि शरीराच्याही. ज्या वर्षी भरती पर्युषणाच्या आसपास असेल, त्या वर्षी मुलाने काय करावे हे गुरुमहाराजांना विचारून घरातील मोठ्यांनी ठरवावे.

अहिंसेचा प्रश्न

राहिला तो पहिला प्रश्न. जैन आचारशास्त्रात गृहस्थाच्या संदर्भात हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, हेतुपुरस्सर केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सर्वथा टाळावी. स्वयंपाक, व्यवसाय आणि आक्रमणापासून संरक्षण यांत जी अपरिहार्य हिंसा घडते ती कमीत कमी राहील, एवढी दक्षता त्याने घ्यावी. साधूचे महाव्रत आणि श्रावकाचे अणुव्रत यांत म्हणूनच भेद केला आहे.

इतिहासही याला साक्ष आहे. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची भव्य मूर्ती इसवी सन ९८१ च्या सुमारास उभी करवणारा चावुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. त्याच्याचसाठी आचार्य नेमिचंद्रांनी ‘गोम्मटसार’ रचले, असे परंपरा सांगते. रणांगण आणि स्वाध्याय एकाच आयुष्यात सामावू शकतात, याचा यापेक्षा मोठा दाखला शोधण्याची आवश्यकता नाही. अलीकडच्या काळात वीरचक्राने सन्मानित झालेले हवाई दलाचे अभिनंदन वर्धमान हे तामिळनाडूतील जैन कुटुंबातले आहेत.

जेवणाच्या प्रश्नाचे उत्तर निम्मे सुखद आहे. सैन्यात मांसाहार न करणाऱ्यांसाठी शिध्याचे वेगळे प्रमाण ठरलेले असते आणि शाकाहारी राहून सेवा करणारे अनेक आहेत. परंतु सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेलच किंवा भाजीत कांदा-बटाटा नसेलच, अशी हमी सीमेवर कोणी देऊ शकत नाही. हे मुलाला आधीच सांगावे. नियम कोठवर पाळायचा आणि कोठे आगार ठेवायचा, हे त्याने स्वतः समजून ठरवले तर पुढे मनात खंत राहत नाही.

घरात ठरवायच्या गोष्टी

मुलाने किंवा मुलीने सैन्याचे नाव काढले की अनेक घरांत वर्षभर चर्चा चालते आणि त्या वर्षभरात वजन मात्र कोणी पाहत नाही. होकार मिळतो तेव्हा भरतीला महिना उरलेला असतो. असा मुलगा नाकारला गेला की घरातील विरोधकांना समाधान वाटते आणि मुलाला आयुष्यभर वाटत राहते की आपल्याला खरी संधी मिळालीच नाही. होकार द्यायचा की नाही, हा कुटुंबाचा निर्णय. पण निर्णय होईपर्यंत तयारी थांबवू नये. वजन योग्य कक्षेत आल्याने सैन्यात न जाणाऱ्याचेही काही नुकसान होत नाही.

धानाच्या व्यापाऱ्याकडे पोते मोजण्याचा काटा असतोच. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी, काही खाण्यापूर्वी, मुलाने त्यावर उभे राहावे आणि आकडा वहीत लिहावा. शेजारी त्याच्या उंचीची तक्त्यातील किमान व कमाल मर्यादा लिहून ठेवावी. पहाटे त्याच रस्त्यावर धावणारा शेतमजुराचा मुलगाही येत असेल तर त्याचेही वजन त्याच काट्यावर करावे आणि पुढचे चार महिने त्याच्या ताटात रोज अर्धा लिटर दूध कसे पडेल, याचा विचार दुकानाच्या मालकाने करावा. दोघांना भरतीच्या मैदानावर एकाच रांगेत उभे राहायचे आहे.